कूलरच्या खोलीतल्या पिसवा: नागपुरात कुत्र्यासाठी औषध कसं निवडायचं

मे महिन्याची दुपार. बाहेर पारा ४५ च्या आसपास, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आमचा चिकू कूलरसमोरच्या सतरंजीवर वाकडा होऊन स्वतःच्या शेपटीचं मूळ कराकरा चावत बसलेला. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "इतक्या उन्हात पिसवा कुठून येऊन राहिल्या भाऊ? गोचिडी असतीन." त्याने अमिट्राझची बाटली काढून दिली. मी घरी येऊन ती बादलीत कालवली आणि चिकूच्या अंगावर ओतली. तो दिवसभर सुस्त पडून राहिला, रात्री उठला आणि पुन्हा चावायला लागला.

दुकानदाराची चूक अर्धी, माझी पूर्ण. अमिट्राझ गोचिडींवर आणि खरजेच्या किड्यांवर चालतं, पिसवांना त्याने फारसा फरक पडत नाही. ती सुस्तीही त्याचीच होती. या औषधाने हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्या कुत्र्याला ते देत नाहीत. मी ना अंगावर नक्की काय आहे ते बघितलं, ना कुत्र्याचं वजन केलं, ना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: पिसू कुत्र्यावर कमी, घरात जास्त

कुत्र्याच्या अंगावर पळताना दिसते ती प्रौढ पिसू. घरातल्या एकूण पिसवांच्या हिशेबात या प्रौढ पिसवा ढोबळमानाने ५ टक्केच असतात. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष. मादी रक्त प्यायली की २४ ते ३६ तासांत अंडी घालू लागते आणि भरात आली की दिवसाला ४०-५० घालते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. कुत्रा अंग झटकतो तशी ती घरभर सांडतात, सगळ्यात जास्त तो झोपतो तिथे. अळीला उजेड आवडत नाही, म्हणून ती दिवाणाखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यात, सतरंजीच्या विणीत शिरते. तिचं मुख्य अन्न म्हणजे प्रौढ पिसवांची विष्ठा, म्हणजे आपल्याच कुत्र्याचं वाळलेलं रक्त. मग ती कोष करते. कोष चिकट असतो, त्याला धूळ आणि केस चिकटले की डोळ्यांना दिसतही नाही, आणि फवारणीचं औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. आतली पिसू काही आठवडे, कधी कधी काही महिने वाट बघते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला वायू जाणवला की बाहेर. सुट्टीत कुलूप लावून गावाला गेलेलं कुटुंब परत आल्यावर पहिल्याच रात्री सगळ्यांच्या पायांना चावे का निघतात, ते यावरून कळेल.

आता नागपूरचं. अळीला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा लागते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती वाळून मरते. मे महिन्यात आपल्याकडची दुपारची हवा त्याहून कितीतरी कोरडी असते, त्यामुळे अंगणातल्या उघड्या मातीत अळी जगत नाही. दुकानदाराचं बोलणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण आपण काय करतो? खिडकीत कूलर बसवतो, खस भिजवतो, पडदे ओढतो आणि कुत्र्याला आत घेतो. बाहेर भट्टी आणि आत अंधारी, ओलसर, थंड खोली. पिसूच्या अळीला याहून चांगलं माहेर मिळायचं नाही. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचा त्रास त्या मानाने कमी, कारण एसी हवा कोरडी करतो आणि कूलर ओली.

म्हणून "पावसाळ्यापुरतं औषध" हा नागपुरातला नेहमीचा हिशेब कूलरच्या घरांना लागू पडत नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत पिसवा आत-बाहेर सगळीकडे असतात, उन्हाळ्यात त्या घरात मुक्कामाला येतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, पण कोष तग धरतात. माझं मत विचाराल तर वर्षभर औषध चालू ठेवावं. ते जमत नसेल तर निदान कूलर सुरू झाल्यापासून दिवाळी होऊन जाईपर्यंत खंड पडू देऊ नये.

पायरी पहिली: फणी आणि ओला कागद

आपल्या घरी उवा काढायची बारीक दातांची फणी असते, तीच घ्या. शेपटीच्या मुळाजवळ, कमरेवर आणि मांड्यांच्या आतून फिरवा. फणीत काळे बारीक कण आले तर ते पांढऱ्या टिश्यू पेपरवर झटका आणि वर दोन थेंब पाणी टाका. माती असेल तर तपकिरीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस रंग पसरतो, हळदीकुंकवाच्या ताटातलं कुंकू ओलं झाल्यासारखा. चिकूच्या फणीतले सात-आठ कण मी असे भिजवले आणि प्रत्येकाभोवती गोल लाल डाग उमटला. एकही पिसू दिसली नव्हती, पण पुढे शोधायची गरज उरली नाही.

गोचीड वेगळी. ती पळत नाही, कातडीत तोंड रोवून बसते. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली आणि पट्ट्याखाली बघा. पोट भरलेली मादी राखाडी वाटाण्याएवढी दिसते. ती अंडी घालायला अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत चढते, म्हणून गोचिडी झालेल्या घरात चौकटीला आणि छताच्या कोपऱ्याला बारीक लालसर पिल्लं रांगताना दिसतात. नागपुरात बहुतेक कुत्र्यांवर दोन्ही सापडतात. मग दोन्हींवर चालणारंच औषध हवं, आणि निवड करताना ही पहिली चाळणी लावायची.

एक गोष्ट राहिली. कुत्र्याच्या गुदाजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. कुत्रा अंग चाटताना पिसू गिळतो आणि तिच्या पोटातून हा जंत येतो. त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध लागतं. पिसवा राहिल्या तर तो जंत पुन्हा होतो.

पायरी दुसरी: वजन, वय आणि घरातली माणसं-जनावरं

वजन अंदाजाने सांगू नका. आपण कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. चिकू "असेल आठ-नऊ किलो" म्हणून मी मानेवर सोडायच्या औषधाची १० किलोपर्यंतची नळी आणत होतो. काट्यावर तो १०.८ भरला. म्हणजे त्याला १० ते २० किलोची नळी लागते आणि मी कित्येक महिने त्याला कमी मात्रा देत होतो. उलट बाजूनेही चुकतात. मोठ्या कुत्र्याची एक नळी आणून दोन लहानांत वाटून पैसे वाचवणारे मला माहीत आहेत. नळीतून अर्धा डोस मोजून काढता येत नाही, एकाला जास्त जातो, दुसऱ्याला कमी.

पिलाचं वय बघा. मानेवर सोडायची औषधं आणि गोळ्या बहुतेक ८ आठवड्यांच्या पुढेच, आणि अनेक गोळ्यांना किमान २ किलो वजनही लागतं. त्याहून लहान पिलाला फिप्रोनिल या पिसू मारणाऱ्या औषधाचा स्प्रे चालतो, तो २ दिवसांच्या पिलालाही देता येतो. पिसवा भरपूर असतील तर इवल्याशा पिलाचं रक्त कमी होऊन हिरड्या पांढऱ्या पडतात. असं दिसलं तर घरी उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग विचारा: घरात मांजर आहे का? असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुठलंही औषध बाद. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. कुत्र्याच्या अंगाला अंग लावून झोपलेल्या मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यावर कधीच वापरायचं नाही आणि फवारलेल्या कुत्र्यालाही त्याच्यापासून लांब ठेवायचं. घरात रांगतं मूल असेल, किंवा शाळेतून आल्या आल्या कुत्र्याच्या गळ्यात पडणारं पोर असेल, तर अंगावर औषध राहणाऱ्या प्रकारांपेक्षा गोळी सोयीची.

शेवटचं, कुत्र्याला कधी फिट आली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. कारण खाली येतं आहे.

पायरी तिसरी: प्रकार निवडा

गोळी. नेक्सगार्ड, सिम्पारिका आणि ब्रावेक्टो ही नावं डॉक्टरांकडे नेहमी ऐकाल. पहिल्या दोन्ही गोळ्या दर महिन्याला एकदा द्यायच्या, तिसरी एकदा दिली की साधारण १२ आठवडे चालते. तिन्ही एकाच गटातली, पिसू आणि गोचीड दोन्हींवर चालणारी. औषध रक्तात असतं, त्यामुळे आठवड्याला अंघोळ घाला की पावसात भिजवा, फरक पडत नाही. उन्हाळ्यात कुत्र्याला दर दोन दिवसांनी नळाखाली धरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मोठी सोय. पिसू चावली की मरते, आणि काही तासांतच मरते, म्हणजे अंडी घालायच्या आत. हे सगळ्यात महत्त्वाचं. पण चावावं लागतं हेही खरं, म्हणून ज्या कुत्र्याला पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी आहे त्याची खाज पहिल्या दिवशी थांबेल असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल सूचना काढली होती की काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं किंवा झटके येऊ शकतात. बहुतेकांना काही होत नाही. पण आधी फिट आलेली असेल तर दुसरा प्रकार शोधलेला बरा. चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नका.

मानेवर सोडायचे थेंब. फिप्रोनिलबरोबर मेथोप्रीन असलेले मला जास्त पटतात, कारण फिप्रोनिल प्रौढ पिसू मारतं आणि मेथोप्रीन अंडी-अळी वाढू देत नाही. औषध कातडीच्या तेलात मुरून हळूहळू अंगभर पसरतं. म्हणूनच आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही, आणि पुढेही शाम्पूचा मारा नाही. अंबाझरी तलावाकडे फिरायला नेल्यावर पाण्यात उडी मारल्याशिवाय परत न येणारा कुत्रा असेल तर थेंबांवरचे पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

स्प्रे. लहान पिलांसाठी, किंवा अंगभर पिसवा असलेलं गल्लीतलं पिल्लू आत्ताच घरात आणलं असेल तर उत्तम. मात्र मोठ्या, दाट केसांच्या कुत्र्यावर बाटली बघता बघता संपते. ०.२५ टक्क्यांचा फिप्रोनिल स्प्रे किलोला ३ ते ६ मिली लागतो. १० किलोच्या कुत्र्याचा हिशेब करा, म्हणजे एका वेळी किती जातो ते कळेल.

पट्टा. चांगल्या कंपनीचा, इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा सात-आठ महिने चालतो आणि तारीख विसरणाऱ्यांना सोयीचा. पण सतत ओला झाला तर पिसवांवरचा असर लवकर ओसरतो, आणि मुलं गळ्याशी खेळतात. रस्त्यावर लटकवून विकतात ते वासाचे पट्टे घेऊ नका, त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

इंजेक्शन. "एक सुई मारू, सगळं झडून जाईन" असं कुणी म्हटलं तर बहुतेक ते आयव्हरमेक्टिन असतं. पिसवांवर त्याचा भरवसा नाही, आणि कॉली जातीच्या किंवा त्यांच्या संकरातल्या कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेतू शकतं.

खर्चाची तुलना पाकिटावरच्या किमतीने करू नका. किंमत भागिले किती दिवस चालतं, असा दिवसाचा भाव काढा. बऱ्याचदा महाग वाटणारी तीन महिन्यांची गोळी आणि दर महिन्याच्या नळ्या यांत वाटतो तेवढा फरक निघत नाही. आणि तारीख लक्षात ठेवणं तुम्हाला जमतं का, हे प्रामाणिकपणे ठरवा. माझ्याच्याने जमत नाही, म्हणून मी तीन महिन्यांच्या गोळीवर आलो.

निर्णय अडला तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथे कुत्रा घेऊन जाता येतं.

पायरी चौथी: औषध द्यायची रीत

गोळी जेवणाबरोबर द्या, ब्रावेक्टो तर उपाशीपोटी नकोच. नंतर तासभर लक्ष ठेवा. उलटी झाली तर मनानेच दुसरी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

थेंब सोडताना बहुतेक लोक केसांवरच सोडतात. चूक तिथेच होते. खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही, तिथे बोटांनी केसांचा भांग पाडा. गुलाबी कातडी दिसली पाहिजे. नळीचं टोक कातडीला टेकवून सगळं दाबून काढा आणि चोळू नका. तेलकट डाग दोन दिवस दिसतो. तो वाळेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही आणि कुत्र्याने तुमच्या उशीवर झोपायचं नाही.

स्प्रे मोकळ्या बाल्कनीत, हातमोजे घालून, केसांच्या उलट दिशेने मारा, कातडी ओली होईपर्यंत. तोंडावर थेट नको, मोज्यावर घेऊन पुसा. यात अल्कोहोल असतं, त्यामुळे गॅस, दिवा आणि उदबत्ती जवळ नको. वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही.

औषध आणलं की घरी न्या. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत तासभर राहिलेली नळी किती तापते याचा विचार करा, आणि पाकिटावर साठवणुकीचं तापमान काय लिहिलं आहे ते वाचा. सुट्या, पाकिटाबाहेरच्या गोळ्या कितीही स्वस्त असल्या तरी नकोत. बॅच नंबर आणि मुदत दिसली पाहिजे.

जे करायचं नाही

रॉकेल, फिनाईल, डेटॉलचं घट्ट पाणी, कापूर घातलेलं तेल, तंबाखूचं पाणी, लसूण खाऊ घालणं. यातल्या प्रत्येकाने कुत्र्याला इजा होते आणि पिसवांचं फारसं बिघडत नाही. कडुलिंबाच्या पाण्याची अंघोळ तेवढी निरुपद्रवी, पण तिच्या जोरावर औषध टाळू नका. कुणाच्या शेतावरून आणलेलं गोठ्याचं किंवा फवारणीचं औषध तर अजिबातच नाही. आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना माणसं विषबाधेने गेली. जे औषध धडधाकट माणसाला झेपलं नाही ते दहा किलोच्या जनावरावर अंदाजाने ओतायचं नसतं.

पायरी पाचवी: कूलरची खोली

औषध दिलं त्याच दिवशी घराला हात घाला. दिवाण ओढा. मी ओढला तेव्हा मागच्या भिंतीलगत, नेमकी कूलरची झुळूक लागते त्या पट्ट्यात, मिरी भरडून सांडल्यासारखी काळी रेघ होती आणि तिच्यात बारीक पांढरे कण. मीठ-मिरी म्हणा ना. काळी विष्ठा, पांढरी अंडी.

व्हॅक्यूम असेल तर फरशीच्या कडा, सोफ्याच्या फटी, पायपुसणी आठवडाभर रोज. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेरही येतात, आणि आलेल्या बऱ्या, त्या औषध दिलेल्या कुत्र्यावर जाऊन मरतात. पिशवी घराबाहेर रिकामी करा. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणी, ओलं पोतं आणि चिकाटी. कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवा. आणि मग आपल्याकडे जे फुकट आहे ते वापरा: सतरंज्या, गाद्या, पायपुसणी दुपारी १२ ते ४ गच्चीवर टाका. नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात अनवाणी उभं राहता येत नाही, तिथे अळी काय टिकणार.

कूलर दिवसातून काही तास बंद ठेवून खिडक्या उघडा, खोली कोरडी होऊ द्या. कुत्र्याची झोपायची जागा कूलरच्या झोतातून काढून अशा कोपऱ्यात न्या की जिथे फरशी रोज पुसता येईल.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर एकच प्रश्न विचारा: अळीची वाढ रोखणारं, पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेलं औषध मारणार का? नुसती झुरळांची फवारणी करून गेला तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. फवारणी वाळेपर्यंत सगळे बाहेर. माशांची टाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा.

पायरी सहावी: तीन महिने धीर

गोळी देऊन दहा दिवस झाले आणि पुन्हा एक पिसू दिसली की लोक म्हणतात औषध बोगस निघालं. शेजारच्या काकूंनी मला विचारलंच, "एवढे पैसे घालून अजून खाजवूनच राहिला का रे तो?" ती पिसू जुन्या कोषातून नुकतीच निघालेली असते. जुने कोष संपायला दोन-तीन महिने लागतात. या काळात डोस वाढवायचा नाही आणि दोन औषधं एकावर एक द्यायची नाहीत. खंडही पडू द्यायचा नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी आपापलं औषध.

मोजायचं असेल तर पांढरे मोजे घालून कूलरच्या खोलीत दहा मिनिटं फिरा आणि मोज्यांवर काळे ठिपके मोजा. किंवा रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचं पाणी ठेवून वर टेबललॅम्प लावा, सकाळी बुडालेल्या पिसवा सापडतील. आमच्याकडे पहिल्या रात्री ११ निघाल्या, महिन्याने ३, पोळ्याच्या सुमारास एकही नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांशी तुमचा कुत्रा खेळत असेल तर त्याला तोडू नका, पण औषधाची तारीख चुकवू नका. आमच्या लेआउटमधले दोन-तीन जण वर्गणी काढून नेहमीच्या चार कुत्र्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी देतात, मोठी पोळी, आत थोडा गूळ. माझ्या मते वर्गणीतला हा सगळ्यात कामाचा खर्च.

गोचिडी निघाल्या असतील आणि कुत्र्याने खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर तो टिक फिव्हर असू शकतो. त्याला रक्ततपासणी लागते. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक द्यायची नाहीत, आणि "उद्या बघू" म्हणायचं नाही.

पुढच्या मार्चमध्ये कूलर माळ्यावरून उतरेल. आता आमच्याकडे रीत अशी आहे: खस बदलायची, टाकी घासायची, दिवाण ओढून मागची भिंत पुसायची, चिकूला काट्यावर घ्यायचं, गोळी द्यायची आणि मगच कूलरचं बटण दाबायचं. गोळीची तारीख कूलरच्या अंगावरच मार्करने लिहिलेली असते.